रांजण बघायला जायचंय? आधी मामांना विचारा!

‘निघोज कशासाठी प्रसिद्ध आहे?’ ‘रांजणखळग्यांसाठी.’ झालं, एक मार्क! भूगोलाच्या पेपरात हा मार्क आपण सगळ्यांनीच खाल्लाय. नदीचं खननकार्य, घळई, धबधबा, रांजणखळगे... सगळं घडाघडा पाठ. पुढे आपण डिग्र्या घेतल्या, हिंजवडीत नाहीतर बीकेसीत एसीमध्ये जाऊन बसलो, पण ते रांजण काही बघितले नाहीत. मीही नव्हते बघितले. आणि गंमत म्हणजे माझं आजोळ पारनेर तालुक्यातलंच!

अर्थात आजोळ म्हणजे नावापुरतं. बहात्तरच्या दुष्काळात आजोबांनी पारनेर सोडलं आणि मुंबई गाठली, ते तिकडचेच झाले. मे महिन्याच्या सुट्टीत चार दिवस गावी जायचो तेव्हा टँकर, हंडे आणि ऊन एवढंच लक्षात राहिलं. निघोज गावापासून फार लांब नव्हतं. पण ‘कुंडावर जाऊ या’ असं कुणी म्हटलं की आई ठाम नाही म्हणायची. तिथं पोरं नेत नाहीत, बस्स. का नेत नाहीत हे विचारायची सोय नव्हती.

तर मंडळी, हे सगळं आठवायचं कारण वाळवंट.

आमचा आठ जणांचा ग्रुप आहे. मी एकटी फ्रीलान्स, म्हणजे बाकीच्यांच्या भाषेत ‘हिला काय, सुट्टीच सुट्टी’. बाकी दोन आयटीवाले, एक बँकवाली, एक एचआर, एक सीए, एक आर्किटेक्ट आणि एक जण नेमकं काय करतो ते आम्हाला अजून कळलेलं नाही. मागच्या दिवाळीत ठरलं की यंदा वाळवंटातले खडक बघायचे. जॉर्डनमधलं वादी रम! तांबडे डोंगर, गाईडबरोबर हाईक, रात्री तंबू आणि डोक्यावर तारेच तारे. ‘द मार्शियन’मध्ये मंगळ म्हणून जे दाखवलं, त्यातलं बरंचसं तिथंच तर शूट झालं. व्हॉट्सअॅपवर ‘चलो वादी’ नावाचा ग्रुप निघाला, एक्सेल शीट झाली, आणि शीटच्या शेवटच्या रकान्यातला आकडा बघून ग्रुप तीन दिवस एकदम शांत झाला.

मग सुरू झाली घसरगुंडी. वादी रमवरून जैसलमेर, जैसलमेरवरून हंपी. शेवटी सीए म्हणाला, ‘एका दिवसात आणि दोन हजारांत बसणारे खडक आहेत का कुठे?’

आहेत ना! एक मार्काचे!

पारनेर तालुका म्हणजे वाळवंट नव्हे हे मान्य. पण पर्जन्यछायेतला, कायमचा दुष्काळी तालुका. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर ढग रिकामे होतात आणि इकडे येईपर्यंत त्यांच्याकडे द्यायला काही उरत नाही. उघडी माळरानं, बाभळी, खुरटं गवत. याच तालुक्यात राळेगणसिद्धी आहे. १९७५ नंतर तिथं पाणी अडवायचं काम उभं राहिलं ते हौसेनं नाही, दुसरा इलाजच नव्हता म्हणून. आणि अशा कोरड्या तालुक्याच्या कडेला, पुणे आणि नगर (आता अहिल्यानगर म्हणायचं) या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर, पाण्याने खडकात केलेली ही अफाट कारागिरी पडून आहे. अलीकडे टाकळी हाजी, तालुका शिरूर. पलीकडे निघोज, तालुका पारनेर. मधे कुकडी. रांजण नक्की कुणाचे यावर दोन्ही गावांत चांगली चर्चा होऊ शकते, तुम्ही त्यात पडू नका.

आता प्लॅनिंग. आमची एचआर म्हणजे ट्रेनिंग, पिकनिक, ऑफसाईट यात मुरलेली. तिने पहिला प्रश्न टाकला, ‘गाईडेड आहे का? बुकिंग लिंक पाठव.’ लिंक कुठली पाठवू? मी आईच्या एका चुलतभावाला फोन केला. त्यांनी दुसऱ्या कुणाचा नंबर दिला, त्याने तिसऱ्याचा. असं करत करत नदीकाठी ज्यांचं रान आहे अशा एका गृहस्थांपर्यंत पोचले. आजोळच्या नात्याने ते माझे मामा, मग सगळ्यांचेच मामा झाले.

‘गाईड-बिईड काय नाय आपल्याकडं,’ मामा म्हणाले. ‘या, दाखवतो.’

आणि मग त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. किती जण? बारकी पोरं आहेत का बरोबर? आणि पिणारं कोण आहे का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी होती. तिसऱ्यावर मी जरा घुटमळले. शीटमध्ये ‘बिअर’ असा एक रकाना होता. मामांना फोनवरच ते कळलं असावं. ‘संध्याकाळी घरी जाऊन काय करायचं ते करा ताई. कुंडावर नको. तसं असंल तर मी येत नाय.’

रकाना डिलीट झाला. आयटीवाल्यांपैकी एकाने त्यावर रडका चेहरा टाकला. हाच आयटीवाला या गोष्टीत पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे. त्याला आपण सोयीसाठी साहेब म्हणू, ऑफिसात त्याला तसंही हल्ली तेच म्हणतात.

जानेवारीचा शेवटचा शनिवार ठरला. सतरा सीटर गाडी बुक झाली, अॅडव्हान्स दिला गेला. एचआरने टोप्यासुद्धा आणल्या! आणि गुरुवारी रात्री साडेनऊला मामांचा फोन. ‘ताई, येऊ नका. वरनं पाणी सोडलंय नदीला. बंधारे भरायचं चाललंय.’

ही भानगड जरा समजून घेऊ, कारण इथल्या सगळ्या प्लॅनिंगची किल्ली हीच आहे. कुकडी उगम पावते जुन्नर तालुक्यात, नाणेघाटाच्या बाजूला कुकडेश्वराजवळ. तिथं पाऊस धो धो. वाटेत तिच्यावर माणिकडोह आणि येडगाव ही धरणं आहेत. म्हणजे निघोजला नदीत किती पाणी असणार हे निघोजच्या आभाळावर ठरत नाही. पावसाळ्यात ते जुन्नरच्या पावसावर ठरतं, आणि हिवाळ्या-उन्हाळ्यात धरणातून कधी, किती सोडलं यावर. खालचे कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे भरायचे असले की नदीत पाणी येतं. तुमच्या डोक्यावर लख्ख ऊन, एक ढग नाही, आणि काल कोरडे दिसलेले खडक आज पाण्याखाली! गावातल्या माणसाला हे चार दिवस आधी कळतं, कारण त्याची मोटर त्या पाण्यावर अवलंबून असते. आपल्याला कुठलंही हवामानाचं अॅप हे सांगत नाही.

ग्रुपवर हे टाकलं आणि जो गोंधळ झाला म्हणता! साहेबांचं म्हणणं, ‘पाणी असेल तर उलट भारीच. लांबून बघू. गाडीचे पैसे परत मिळणार नाहीत, जाऊच.’ सीए त्याच्या बाजूने, कारण अॅडव्हान्स. एचआर गप्प, कारण टोप्या. मी म्हटलं, मामा येणार नाहीत. साहेब म्हणाले, ‘मग मामाशिवाय जाऊ. नदी बघायला गाईड कशाला लागतो? मॅपवर आहे ना सगळं.’

खरं सांगू? मला क्षणभर पटलंही. आठ जणांना जमवायला दोन महिने लागले होते, आणि प्लॅन माझा होता. शिव्या मलाच पडणार होत्या.

मग आर्किटेक्टने एक गोष्ट टाकली, आणि वाद थांबला. अमेरिकेत अॅरिझोनात अँटिलोप कॅन्यन आहे. तुम्ही फोटो पाहिलेले असणार. नारिंगी, लाटांसारख्या भिंती, वरून येणारा प्रकाशाचा झोत, कितीतरी लॅपटॉपच्या वॉलपेपरवर असतो. अस्सल वाळवंटातला खडक. पण तोही कोरलाय पाण्यानेच. १२ ऑगस्ट १९९७ ला तिथल्या लोअर कॅन्यनमध्ये पर्यटक उतरलेले असताना कित्येक मैल लांब वादळी पाऊस झाला. त्या चिंचोळ्या घळीत अचानक लोंढा आला आणि ११ जण गेले. कॅन्यनवर स्वतःवर म्हणावा असा पाऊस नव्हताच. आज तिथं नावाहो लोकांच्या अधिकृत गाईडशिवाय पाऊल टाकू देत नाहीत. कितीही डॉलर मोजा.

साहेबांनी त्यावर अंगठा दाखवला. खाली एक ओळ लिहिली, ‘ओके. पण दोन हजार गेले हे लक्षात ठेवा.’ ठेवलंय. माझ्या हिशोबातून वळते केलेत त्याने.

दुसरी तारीख पडली फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारची. तोवर तीन जण गळाले. (जगातला कुठलाही ग्रुप दुसऱ्या तारखेला तीन जणांनी कमी होतो.) उरलो पाच. चौघं पुण्याहून दोन बाईकवर जाणार होतो, पण मामा म्हणाले पहाटे नगर रोडला धुकं आणि ट्रक, बाईक नको. साहेबांची कार निघाली. बँकवाली ठाण्याहून स्वतःची गाडी घेऊन परस्पर येणार होती.

पुण्याहून साडेपाचला निघालो. वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव. महागणपतीला गाडीतूनच हात जोडले. एमआयडीसीच्या शिफ्टच्या बसेस सुरू व्हायच्या आत हा पट्टा मागे टाकायचा, नाहीतर तुमची सकाळ तिथंच संपली. शिरूरला घोडनदीच्या अलीकडे चहा-पोहे. तिथून हायवे सोडून आत वळलो. दोन्ही बाजूंना कांदा आणि ज्वारी. थंडी बऱ्यापैकी होती, काचा खाली केल्या की ओल्या मातीचा वास येत होता. दुष्काळी म्हणून मी जिची बदनामी केली होती ती बाजू चक्क हिरवी! मामा नंतर म्हणाले, ‘कॅनॉल आणि मोटरीची कृपा. वर पठारावर जाऊन बघा मग.’

सव्वाआठला कुंडावर पोचलो, तर बँकवालीचा फोन. ‘अगं मी टाकळीत पोचले कधीची. नदी कुठंय?’

टाकळी दोन आहेत हे मी सांगायला विसरले होते! आम्ही टाकळी हाजीच्या बाजूला. ती कल्याण, मुरबाड, माळशेज, आळेफाटा करत सरळ टाकळी ढोकेश्वरला. तीही पारनेर तालुक्यातलीच, पण कल्याण-नगर हायवेवरची. ठाणे-मुंबईहून येणाऱ्यांनी हे कृपया लिहून ठेवा. पूर्ण नाव टाका, नुसतं ‘टाकळी’ टाकलंत तर फोन तुम्हाला त्याच्या मर्जीने नेईल. अर्थात तिचं नुकसान काही झालं नाही. तिथं टेकडीत ढोकेश्वराचं लेणं आहे, दीड हजार वर्षांच्या आसपासचं जुनं शैव लेणं. दगडात कोरलेले जाड खांब, नंदी, सप्तमातृकांचा पट. ती एकटीच होती तिथं. पुढे दिवसभर आम्ही ‘काय ते रांजण!’ म्हटलं की ती ‘तुम्ही लेणं नाही पाहिलं’ म्हणून ऐकवत होती.

ती येईपर्यंत मामा आम्हाला घेऊन झुलत्या पुलावर उभे राहिले. पायजमा, सदरा, टोपी, पायात टायरच्या चपला, आणि खांद्यावर गुंडाळलेला जाडजूड दोर.

पुलावरून पहिल्यांदा खाली बघितलं आणि खरंच सांगते, वादी रम विसरले. नदीचं पात्र म्हणून जे काही आपल्या डोळ्यांसमोर असतं, वाळू, गोटे, सपाट पाणी, त्यातलं काहीच नाही. काळ्या बेसॉल्टचा एक लांबलचक पट्टा, आणि तो आतून पोखरून काढलेला. गोल रांजण, लांबट रांजण, एकात एक घुसलेले, दोघांच्या मधली भिंत पातळ होत होत कमानीसारखी उरलेली, कुठे ती कमानही पडून गेलेली. कडा अशा गुळगुळीत की कुणी पॉलिश करून ठेवल्यात. आणि तळाशी हिरवंगार पाणी, अजिबात न हलणारं. इथल्या पाट्यांवर आणि लोकांच्या बोलण्यात ‘आशियातले सगळ्यात मोठे’ वगैरे ऐकू येतं. दक्षिण आफ्रिकेत ब्लाइड नदीवर बर्क्स लक पॉटहोल्स नावाचे असेच रांजण आहेत, तिथं कठडे आणि पूल बांधून दिलेत आणि जगभरचे लोक तिकीट काढून बघायला जातात. नंबर कुणाचा कितवा यात मला तरी रस नाही. पुण्यापासून दोन-अडीच तासांवर हे आहे आणि आपण दर वीकेण्डला लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये बसतो, याची मात्र लाज वाटली.

पुस्तकात हे चार ओळींत उरकलेलं असतं. प्रत्यक्षात बघितल्यावर ते मनाला भिडतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन हा खडक झाला. त्याला भेगा होत्याच. पुराच्या पाण्याबरोबर दगडगोटे येतात, एखाद्या खाचेत अडकतात, पाण्याचा भोवरा त्यांना गरागरा फिरवतो, आणि जात्यासारखं भरडत ते खाली खाली जातात. गोटा झिजून संपला की पुढच्या पुरात दुसरा येतो. उथळ, कोरड्या रांजणांत तुम्ही वाकून बघितलंत तर तळाशी ते गोटे दिसतात. अगदी लिंबासारखे, काही नारळाएवढे. साहेबांनी त्यातला एक उचलून खिशात टाकला. ऑफिसच्या टेबलावर ठेवायला.

‘राहू द्या तिथंच,’ मामा म्हणाले. ‘कामावर हाय तो.’

साहेबांनी ठेवला परत. फेब्रुवारीतही सुट्टी नाही म्हणजे बिचाऱ्याला!

आमची खरी हाईक इथून सुरू झाली. हाईक म्हणजे दोन-अडीच तासांची चाल. आधी खडकावरून, मग काठाकाठाने, मग रानांतून निघोज गावापर्यंत. दमछाक अजिबात नाही. पण खडकावरच्या पहिल्या तासात मामांनी आम्हाला जे शिकवलं ते कुठल्या ट्रेकिंग क्लबनेही शिकवलं नव्हतं. सुरुवातच त्यांनी बुटांपासून केली. साहेबांचे बूट चांगले आठ हजारांचे. मामांनी पाण्याच्या बाटलीतलं थोडं पाणी एका उतरत्या कडेवर ओतलं आणि म्हणाले, ‘द्या पाय.’ मागून दंड धरून ठेवला होता म्हणून बरं, पाय सर्रकन गेला. वाळलेलं शेवाळ दिसत नाही, ओलं झालं की लोणी होतं. मग नियम सांगितला. रांजणाच्या काठापासून एक पुरुष अंतर. बघायचं तर बसून बघायचं, फोटो काढायचा तर थांबून काढायचा, चालत चालत नाही. आणि मागे सरकत सेल्फी, हे तर अजिबात नाही.

‘पोहता येतं मला, मामा,’ साहेब म्हणाले.

‘येत असंल ना. पण वर कसं येणार?’

मामांनी एका दगडाला दोर बांधला आणि एका रांजणात सोडला. नऊ हातांवर टेकला. शेजारच्या रांजणात सोडला, दोर संपला. गावात सांगतात की पूर्वी सात बाजांचा सुंभ जोडून सोडला तरी तळ लागला नव्हता. ती गोष्ट बाजूला ठेवू. पण भिंती बघा. वरून तोंड लहान, आत पोट मोठं, मातीच्या रांजणासारखंच. कुठे बोट अडकवायला खाच नाही. कोटी वर्षांच्या खडकाला घासून घासून जो गुळगुळीतपणा आलाय, ज्याचे आपण फोटो काढतो, तोच आत पडलेल्या माणसाला वर येऊ देत नाही. हे एवढं साधं मला पुलावर उभं राहून कळलं नव्हतं.

एचआरने विचारलं, ‘मामा, हा दोर तुम्ही नेहमी आणता?’

‘गर्दी असली की आणतो. रविवारी, यात्रेला.’

‘लागलाय का कधी?’

‘दोनदा.’ मामा दोर गुंडाळत होते. ‘एकदा वेळेवर पोचलो.’

त्यानंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मला आईचं ‘तिथं पोरं नेत नाहीत’ आठवलं. साहेबांनी मोबाईल खिशात ठेवला आणि सगळी वाट मामांच्या मागे चालले, त्यांनी जिथे पाय ठेवला तिथेच पाय ठेवत. आणि जाता जाता मामांनी एक बाभूळ दाखवली, काठावरची. आमच्या डोक्याच्या बऱ्याच वर तिच्या फांद्यांत वाळकं गवत, चिंध्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकलेल्या. मागच्या पावसाळ्यातलं पाणी तिथवर आलेलं. म्हणजे आम्ही जिथे चालत होतो तो सगळा खडक, सगळे रांजण, त्याच्या कितीतरी खाली!

कुंडावर मळगंगेचं देऊळ आहे, तिथं टेकलो. निघोजची ही देवी, तिचं मोठं देऊळ गावात. चैत्रात यात्रा भरते. वद्य अष्टमीला पहाटे बारवेतून घागर आपोआप वर येते अशी श्रद्धा आहे आणि ते बघायला तुफान गर्दी लोटते. तुम्हाला यात्रा बघायची असेल तर तेव्हाच जा, पण मग रांजणांवर निवांत चालायची अपेक्षा ठेवू नका. दोन्ही एका दिवसात होत नाही.

गावापर्यंतची वाट कांद्याच्या रानांतून. हुरडा संपत आला होता, तरी एका बांधावर मामांनी कणसं मिळवून आगटी पेटवली. गरम हुरडा, तळहातावर चोळलेला, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. बँकवाली म्हणाली, डाएट गेलं खड्ड्यात. रांजणात म्हण, आम्ही म्हटलं.

जेवण मामींकडे. मासवडी! नाव ऐकून आर्किटेक्ट दचकला, तो शाकाहारी. पण यात मासे नाहीत. बेसनाच्या शिजवलेल्या पोळीत तीळ, खोबरं, कांदा-लसणाचं सारण भरून गुंडाळी करायची, तिच्या वड्या पाडायच्या, आणि त्यावर झणझणीत रस्सा, बाजरीची भाकरी. या पट्ट्यात आलात आणि मासवडी न खाता गेलात तर येऊ नका. मात्र आदल्या दिवशी सांगावं लागतं, खटाटोप फार असतो. पाच जणांच्या जेवणाचे आणि मामांच्या दिवसाचे मिळून पैसे देताना चांगलीच ओढाताण झाली. मामा घेईनात. शेवटी सीए नसल्याचा फायदा घेऊन आम्ही पंचवीसशे मामींच्या हातात कोंबले. तुम्ही कुणाला घेऊन जाल तर पैशांचं आधीच बोलून घ्या. त्यांचा रानातला एक दिवस मोडतो, ‘ओळखीतले आहेत’ म्हणून फुकट फिरू नका.

दुपारी ऊन तापलं, तरी वडगाव दर्या करायचंच होतं. दर्या म्हणून समुद्र शोधू नका, हा दरीतला दर्या. कान्हूर पठाराच्या बाजूला माळ अचानक फाटतो, पायऱ्या उतरून खाली गेलं की गारवा, झाडी, माकडं आणि दर्याबाई-वेल्हाबाईचं ठाणं. गुहेच्या छतातून लोंबणारे चुन्याचे स्तंभ दिसतात. बेसॉल्टच्या मुलखात असे लवणस्तंभ क्वचितच आढळतात. पाण्यात विरघळलेला चुना थेंबाथेंबाने साठत तयार झालेले. म्हणजे एकाच तालुक्यात पाणी एकीकडे दगड खोदतंय आणि दुसरीकडे दगड घडवतंय! हात मात्र लावू नका त्यांना. आणि खाऊ पिशवीत ठेवा, माकडांचं प्लॅनिंग तुमच्यापेक्षा चांगलं असतं.

परतताना पारनेर गावातून आलो. सेनापती बापटांचं हे जन्मगाव, १८८० सालचं. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये शेतकऱ्यांना घेऊन उभा राहिलेला माणूस या कोरड्या गावातला. हे आजोबा नेहमी सांगायचे, आणि मी कधी नीट ऐकलं नव्हतं.

तुम्ही जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरतं आणि रांजण जास्त खोल दिसतात, पण खडक तव्यासारखा तापतो, सकाळी नऊच्या आत उरका. पावसाळ्यात फक्त पुलावरून बघायचं आणि तेही गावातलं कुणी ‘या’ म्हणालं तरच. कुणी ओळखीचं नसेल तर आधी एखाद्या साध्या दिवशी जा, देवळापाशी नारळ-हारवाल्यांकडे विचारा, चहा घ्या, नंबर मिळतोच. निघायच्या आदल्या रात्री फोन करून एकच विचारा, नदीला पाणी आहे का. उत्तर ‘आहे’ असं आलं तर गाडीचे पैसे बुडू द्या.

परवा रात्री मामांचा फोन आला. ‘ताई, ते तुमचे साहेब येणार म्हणत्यात पुढच्या महिन्यात. ऑफिसातली बारा जण घेऊन.’

‘मग काय म्हणालात तुम्ही?’

‘इचारलं तिन्ही. बारकी पोरं नाईत म्हणले. पिणारं कोण नाय म्हणले, पण जरा थांबून म्हणले.’ मामा हसले. ‘दोर नवा घेतो म्हटलं आता.’